क्यूचं नॅशनल आर्काइव्हज: वेलिंग्टन टी.१० च्या मागे लागला असाल तर जाच, पण घरचा अभ्यास करून जा

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच. क्यू म्हणजे लंडनचा एक भाग, आणि तिथलं नॅशनल आर्काइव्हज म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जुन्या कागदांचा दप्तरखाना. लंडनमध्ये दोन दिवस फिरायला आलेल्या माणसासाठी हा रिव्ह्यू नाही, त्यांनी खुशाल क्यूची बाग बघावी. हा रिव्ह्यू अशा येड्यांसाठी आहे ज्यांना एखाद्या विमानाच्या एका फुटकळ व्हर्जनने पछाडलंय आणि नेटवर जे काही आहे ते सगळं वाचून झालंय, आणि वाचल्यावर लक्षात आलंय की सगळ्यांनी एकमेकांचंच छापलंय.

माझं फुटकळ व्हर्जन म्हणजे व्हिकर्स वेलिंग्टनचं टी.१०. वेलिंग्टन माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं दोन इंजिनांचं बॉम्बर, १५ जून १९३६ ला प्रोटोटाइप उडालं, आणि शेवटापर्यंत अकरा हजारांच्या वर बनली, ब्रिटिशांनी दुसरं कुठलंच बॉम्बर एवढ्या संख्येने बनवलं नाही. त्याची बॉडी बार्न्स वॉलिसच्या जिओडेटिक पद्धतीची, म्हणजे अल्युमिनियमच्या पट्ट्या तिरक्या तिरक्या एकमेकींत गुंतवलेल्या, अगदी बांबूच्या टोपलीसारखी वीण, आणि वरून पत्रा नाही तर चक्क कापड ताणून बसवलेलं. त्यामुळे गोळे लागून भगदाडं पडली, अर्धं कापड जळून गेलं तरी सांगाडा धरून राहायचा आणि विमान घरी यायचं, असले फोटो भरपूर आहेत. टी.१० म्हणजे याच विमानाच्या मार्क दहाला (मार्क म्हणजे आवृत्ती) युद्ध संपल्यावर वुल्व्हरहॅम्टनच्या बोल्टन पॉल कंपनीने ट्रेनर बनवलं ते. नाकावरचा मशीनगनचा टरेट, म्हणजे फिरता घुमट, काढला, तिथं गोलसर झाकण बसवलं आणि नॅव्हिगेटर लोकांना शिकवायला पाठवून दिलं. गंमत अशी की बोल्टन पॉल ही स्वतः टरेट बनवण्यासाठी प्रसिद्ध कंपनी, डिफायंट नावाचं त्यांचं फायटर तर टरेटवरच उभं होतं, आणि युद्धानंतर त्यांच्याकडे काम आलं ते दुसऱ्याचे टरेट उपटून काढायचं.

आता म्हणाल यात शोधण्यासारखं काय आहे. तर हेच आहे ना, की कोणी शोधलेलं नाही. बॉम्बरबद्दल ढिगाने मिळतं, कुठल्या रात्री कुठल्या शहरावर गेलं, क्रूमध्ये कोण होतं, नाकावर काय रंगवलं होतं, सगळं. ट्रेनर मात्र पुस्तकाच्या शेवटच्या तक्त्यात एका ओळीत. टी.१७ म्हणजे नाइट फायटरच्या क्रूला रडार शिकवायचं, टी.१८ म्हणजे तेच पण कारखान्यातून तसंच बनून आलेलं, टी.१९ म्हणजे मार्क दहा सर्व्हिसमध्येच फेरफार करून ट्रेनर केलेलं, आणि टी.१० म्हणजे बोल्टन पॉलवालं, खलास, संपला विषय. आणि १९ व १० मध्ये तर पुस्तकं बिनधास्त घोळ घालतात, दोन्हींचा मूळ मार्क एकच असल्यामुळे कुठलाही मागच्या जमान्यातला ट्रेनर दिसला की लेखकाच्या मूडप्रमाणे नाव. त्यात आणखी भर म्हणजे आरएएफने, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाने, १९४८ मध्ये रोमन आकडे सोडून साधे आकडे घेतले, त्यामुळे एकच विमान एका कागदावर रोमन एक्सने आणि पुढच्या कागदावर १० ने येतं, आणि कॅटलॉगमध्ये एकच स्पेलिंग टाकून सर्च मारणाऱ्याला अर्धंच सापडतं.

माझी गरज तशी छोटी होती, मला मॉडेल बनवायचं होतं. किट मार्क दहाचं मिळतं, नाकाचं झाकण आपण घडवायचं, पण मग रंग कुठला, पट्टे कुठं, कुठल्या स्कूलचं विमान, कुठल्या साली. एका ऑनलाइन फोटोवाल्याकडून "टी.१० ट्रेनर" लिहिलेला प्रिंट मागवला तर आला कोस्टल कमांडचा, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्यांचा, पांढरा वेलिंग्टन, पाठीवर रडारचे खांब वगैरे, पैसे परत मागितले तर उत्तर नाही. त्यानंतर ठरवलं की आता मूळ कागदच बघायचे.

तर नॅशनल आर्काइव्हज. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचं, चालत दहा-पंधरा मिनिटं. समोर तळं, त्यात बदकं-हंस, मागे काँक्रीटची मोठी बिल्डिंग. डोक्यावरून हीथ्रोला उतरणारी विमानं सारखी जात असतात, आपल्यासारख्या लोकांना ते बोनसच, जरा वेळ बाहेर उभा राहून ए३८० बघितलं आणि मगच आत गेलो. आत जायला पैसे नाहीत. वाचायला पैसे नाहीत. स्वतःच्या मोबाइलने फोटो काढायलाही पैसे नाहीत, फक्त फ्लॅश बंद. आपल्याकडच्या एका दप्तरात (नाव नको) एका पानाच्या झेरॉक्ससाठी अर्ज, अर्जावर सही, सहीवर शिक्का आणि साहेब जेवायला गेलेले, हे अनुभवलेल्या माणसाला इथं पहिला अर्धा तास कोणीतरी येऊन थांबवेल असंच वाटत राहतं. कोणी थांबवत नाही.

मूळ कागद बघायचे तर रीडर्स टिकेट लागतं. घरूनच ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि तिथं गेल्यावर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवायचा, फोटो काढतात, कार्ड हातात. पत्त्याच्या पुराव्यासाठी काय चालतं ते साइटवर नीट वाचून जा, भारतातून येणाऱ्यांनी तर नक्कीच. मग बॅग, कोट, पेन, खाणं सगळं लॉकरमध्ये, आत फक्त पारदर्शक पिशवीत लॅपटॉप, फोन, कागद आणि पेन्सिल. पेन चालत नाही. खोडरबरही चालत नाही, हे मला आधी विचित्र वाटलं पण रबराचा चुरा कागदात जातो म्हणे, बरोबर आहे. गेटवर जाताना-येताना वही उघडून पानं झटकून बघतात, त्यात अपमान वाटून घ्यायचं काही नाही, सगळ्यांचंच बघतात, अगदी पांढऱ्या केसांच्या प्रोफेसर बाईंचंही.

फाइल्स आधीच ऑर्डर करून गेलात तर दिवस वाचतो. पहिल्या मजल्यावर रीडिंग रूम, आपल्याला सीट नंबर मिळतो, त्याच नंबरच्या कपाटात आपली फाइल येऊन पडते. काचेचं दार, आत पुठ्ठ्याचं खोकं, आणि त्यात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा कागद, कोणी हातमोजे घाला म्हणत नाही, फक्त हात स्वच्छ हवेत. जाड बाइंडिंग असेल तर खाली ठेवायला फोमचे उतार आणि पानं दाबून धरायला वजनाच्या दोऱ्या मिळतात, कसं ठेवायचं ते स्टाफ येऊन दाखवतात, आणि दाखवताना ओरडत नाहीत. स्टाफला फुल मार्क. मी जे विचारलं ते बहुतेकांना पहिल्यांदाच विचारलं गेलं असावं ("ट्रेनर? बॉम्बर नाही?") पण तरी डेस्कवरच्या माणसाने कॅटलॉग उघडून माझ्याबरोबर बसून सिरीज शोधली, वीसेक मिनिटं गेली असतील त्याची.

आता मुद्द्याचं. इथं येणारे बहुतेक विमानवाले कॅटलॉगमधली एआयआर २७ ही सिरीज बघतात, ती स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं. ती बरीचशी स्कॅन झालेली आहेत, घरबसल्या पैसे देऊन डाउनलोड करता येतात आणि क्यूच्या बिल्डिंगमधल्या कॉम्प्युटरवर फुकट. पण ट्रेनर विमानं स्क्वाड्रनकडे नव्हतीच, ती होती स्कूल्सकडे. म्हणून तुम्हाला एआयआर २७ चा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला हवं एआयआर २९, म्हणजे स्कूल्स, ओटीयू (लढाईवर जाण्याआधीचं ट्रेनिंग देणारी युनिट), मेंटेनन्स युनिट वगैरे किरकोळ युनिटांच्या नोंदी, आणि एआयआर २८, म्हणजे स्टेशनच्या (हवाई तळांच्या) नोंदी. टी.१० साठी दोन नावं डोक्यात ठेवा, विल्टशायरमधलं हलाव्हिंग्टन, जिथं १ नंबरची एअर नॅव्हिगेशन स्कूल होती, आणि लिंकनशायरमधलं स्विंडरबी, जिथं २०१ ॲडव्हान्स्ड फ्लाइंग स्कूल. विमानाचं नाव टाकून सर्च करत बसलात तर युद्धातलंच सगळं येईल, गावाचं नाव टाका.

आणि इथंच माझा अर्धा स्टार जातो. कॅटलॉग युनिट आणि तारखांवर लावलेला आहे, आत काय लिहिलंय यावर नाही. विमानाचा सीरियल नंबर टाकला की त्याची कुंडली बाहेर येईल असं वाटत असेल तर विसरा. अमुक युनिट, अमुक साल ते तमुक साल, एवढंच कळतं, आणि ती फाइल पातळ आहे की दगडासारखी जाड ते खोकं उघडल्यावर. याला संस्थेचा दोष म्हणणं कदाचित अन्याय आहे, कोट्यवधी कागद कोण वाचून लिहिणार, पण स्टार माझे आहेत.

नोंदींबद्दल अपेक्षा कमी ठेवा. मुख्य फॉर्म ५४०, महिन्याचा गोषवारा, आणि ५४१ म्हणजे एकेका उड्डाणाचा तपशील. लढाऊ स्क्वाड्रनचं ५४१ म्हणजे मेजवानी असते, कोण कधी उडालं, कधी परत आलं, काय दिसलं. ट्रेनिंग स्कूलचं बहुतेक ५४० वरच भागवलेलं, आणि त्यात काय, हवामान, कोण साहेब भेट देऊन गेले, कुठला कोर्स पास आउट झाला, खेळांचे निकाल, महिन्याचे एकूण उड्डाणाचे तास. विमान आलं ते एका ओळीत, गेलं ते एका ओळीत, आणि मधलं सगळं आपण जोडायचं. पहिले दोन तास कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. पण मग हळूहळू त्या कंटाळ्यातूनच स्कूल दिसायला लागते, धुक्याने उड्डाणं बंद, पार्ट नाहीत म्हणून विमानं उभी, कोर्स मागे पडला म्हणून रात्रीची उड्डाणं वाढवली, असलं. हे कुठल्याही विमानाच्या पुस्तकात नसतं, कारण पुस्तकवाल्याला बॉम्ब हवा असतो.

याबद्दल जरा बोलतोच. युद्धात बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश बॉम्बर दलाची, ५५ हजारांवर माणसं मेली हे सगळे सांगतात, त्यातली आठ हजारांपेक्षा जास्त ट्रेनिंग आणि इतर अपघातांत गेली हे कमी जण सांगतात. ओटीयूमध्ये जी वेलिंग्टन होती ती बरीचशी लढाईतून दमून आलेली जुनी विमानं, आणि चालवणारी पोरं नवी. ब्रुकलँड्सच्या म्युझियममध्ये जे वेलिंग्टन आहे ना, एन२९८०, लॉक नेसच्या तळ्यातून १९८५ मध्ये वर काढलेलं, ते १८ डिसेंबर १९३९ च्या हेलिगोलँडच्या त्या भयंकर लढाईतून वाचून परत आलं होतं, आणि शेवटी तळ्यात पडलं ते ३१ डिसेंबर १९४० ला, लॉसीमथच्या २० ओटीयूच्या ट्रेनिंग फ्लाइटवर, एक इंजिन बंद पडून. जर्मन फायटरनी नाही पाडलं, ट्रेनिंगने पाडलं. म्हणून ट्रेनर म्हणजे दुय्यम विमान असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बरं, क्यूवरच थांबू नका, कारण विमानामागे एक कार्ड असतं ते इथं नाही. फॉर्म ७८, म्हणजे प्रत्येक विमानाचं हालचालींचं कार्ड, कुठल्या तारखेला कुठल्या युनिटकडे गेलं ते, आणि अपघाताचं कार्ड म्हणजे फॉर्म ११८०, हे दोन्ही हेन्डनच्या आरएएफ म्युझियमकडे आहे, अपॉइंटमेंट घेऊन जावं लागतं. दोन्ही ठिकाणं जोडीनेच वापरायची, कार्डावर तारीख मिळते आणि क्यूला त्या तारखेला काय चाललं होतं ते मिळतं. कार्डावरचं लिखाण म्हणजे सगळी शॉर्ट फॉर्मची भाषा, एमयू (मेंटेनन्स युनिट), कॅट ई (दुरुस्तीपलीकडचं नुकसान), एसओसी (नोंदीतून काढून टाकलं), आधी लिस्ट पाठ करून जा. विमानाच्या मॅन्युअलसाठी एअर पब्लिकेशन नंबर १५७८ लक्षात ठेवा, वेलिंग्टनचा हा नंबर आहे, आणि बॉस्कम डाउन या विमान-चाचणी केंद्राच्या टेस्टचे रिपोर्ट क्यूलाच एव्हीआयए १८ मध्ये. व्हिकर्स कंपनीचे स्वतःचे कागद मात्र केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, तिथं मी अजून गेलेलो नाही म्हणून काही बोलत नाही.

आणि प्रत्यक्ष टी.१० बघायचं असेल तर जगात एकच आहे, एमएफ६२८, आरएएफ म्युझियमचं. याची स्टोरी ऐका, १९४४ मध्ये ब्लॅकपूलजवळच्या स्क्वायर्स गेटला मार्क दहा म्हणून बनलं, लढाईवर कधी गेलंच नाही, युद्ध संपेपर्यंत स्टोअरमध्ये, १९४८ मध्ये बोल्टन पॉलकडे जाऊन टी.१० झालं, हलाव्हिंग्टनच्या नॅव्हिगेशन स्कूलमध्ये नोकरी केली, १९५४ मध्ये धरणं फोडणाऱ्या स्क्वाड्रनवरच्या सिनेमाच्या शूटिंगला कॅमेरा विमान म्हणून उडालं, आणि जानेवारी १९५५ मध्ये विझ्लीच्या विमानतळावर उतरलं ते शेवटचं, त्यानंतर कुठलंच वेलिंग्टन उडालेलं नाही. म्हणजे आयुष्यभर ट्रेनर. आणि पुढे काय केलं, नाकावर पुन्हा टरेट बसवला, बॉम्बर दिसावं म्हणून! मला समजतं, येणाऱ्या लोकांना बॉम्बरच बघायचा असतो, आणि ब्रुकलँड्सचं विमान तळ्यात पडून हालहाल झालेलं, मग पूर्ण वेलिंग्टन दाखवायचं तर हेच. पण जगातला एकमेव टी.१० तोही टी.१० सारखा दिसत नाही, आता बोला. २०१० मध्ये ते हेन्डनहून म्युझियमच्याच दुसऱ्या केंद्रात, कॉस्फर्डला, रिस्टोरेशनसाठी नेलं, कापड उतरवून सगळा सांगाडा उघडा केला होता. कॉस्फर्डचं कॉन्झर्व्हेशन सेंटर एरवी बंद असतं, वर्षातून एकदा नोव्हेंबरमध्ये ओपन वीक असतो, काम करणाऱ्या माणसांशी तिथं बोलता येतं, आणि ती माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत.

म्हणून मॉडेलवाल्यांनो, म्युझियममधला फोटो बघून टी.१० चं नाक करू नका. रंगाचंही तसंच, म्युझियममधला हिरवा-काळा बॉम्बर रंग विसरा, युद्धानंतरच्या ट्रेनरचा चंदेरी आणि बॉडीवर-पंखांवर पिवळे पट्टे. चंदेरी म्हणजे चकचकीत धातू नव्हे हां, खाली कापड आहे, त्यावर रंग, त्यामुळे मॅटच्या बाजूला जाणारा फिका चंदेरी आणि त्यातून जिओडेटिकची जाळी हलकीशी उमटलेली. धातूचा फॉइल लावलेली दोन मॉडेल्स मी बघितलीत, दोन्ही चुकीची.

पुणेकरांसाठी एक आडवाट. ९९ स्क्वाड्रन १९४२ मध्ये बंगालमध्ये येऊन वेलिंग्टन उडवत होती, पुढे त्यांना लिबरेटर ही अमेरिकन बॉम्बर मिळाली, त्यातलं एक, केएन७५१, युद्धानंतर भारतातच राहिलं, बंगळूरला एचएएलने ठीकठाक केलं आणि आपल्या एअर फोर्सच्या ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये थेट लोहगावला, १९६८ पर्यंत. १९७४ मध्ये भारताने ते आरएएफ म्युझियमला भेट दिलं. म्हणजे आरएएफ म्युझियमच्या लिबरेटरने निवृत्तीआधीची वर्षं पुण्यात काढली आहेत. कार्ड बघायला हेन्डनला जाल तेव्हा त्याचीही चौकशी करा.

परत क्यूकडे. खाली कॅफे आहे, कॉफी बरी, सँडविच लंडनच्या भावाने. डबा नेला तर बसून खायला जागा आहे, मी पोळी-भाजी नेली होती, कोणी बघितलंही नाही. वायफाय फुकट आहे आणि चालतं. रविवार-सोमवार बंद असतं, सुट्टी टाकताना हे बघून टाका. भारतातून येणं शक्य नसेल तर पैसे देऊन कॉपी मागवता येतात, पण एकेका पानाचा हिशोब असतो आणि ट्रेनिंग स्कूलच्या एआयआर २९ मध्ये कुठलं पान आपल्या कामाचं ते न बघता सांगणार कसं, त्यामुळे पूर्ण फाइल मागवली तर खिसा रिकामा. त्यापेक्षा इंग्लंडमध्ये भाचा-पुतणी कोणी शिकायला असेल तर त्यांना एका शनिवारी पाठवा, जेवण कबूल करा, मोबाइलने पूर्ण फाइल निघते, फक्त प्रत्येक फाइलचं पहिलं पान म्हणजे नंबर असलेलं कव्हर आधी काढायला सांगा, नाहीतर घरी आल्यावर शेकडो फोटो आणि कुठलं कुठल्या खोक्यातलं पत्ता नाही.

आणि १९५३ च्या पुढच्या फाइल्समध्ये वेलिंग्टन शोधू नका, तोपर्यंत निवृत्त झालं होतं, जागा घेतली व्हॅलेटा आणि व्हार्सिटी या नंतरच्या विमानांनी. स्विंडरबीला तर व्हार्सिटी १९५१ मध्येच आली, त्यामुळे त्या स्टेशनच्या फाइलमध्ये दोन्ही विमानं एकाच महिन्याच्या पानावर भेटू शकतात. टी.१० वाल्यांनी तिथून सुरुवात करून मागे मागे वाचत जावं, उलट दिशेने वाचलं तर विमानं कुठं गेली ते आधी कळतं आणि कुठून आली ते शोधणं सोपं जातं. स्टेशनची फाइल आणि स्कूलची फाइल दोन्ही एकाच दिवशी ऑर्डर करा, एक परत केली की पुढची घेता येते.